जवसाचा वास

पवनार, रविवार रात्र

आज पहिल्यांदा तैलरंग हातात घेतले. कॅनव्हास वगैरे काही नाही. समोर आजोबांनी घरी केलेली खंजिरी. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, खाचांत पितळी चकत्या. तुकडोजी महाराजांनी हे वाद्य विदर्भाच्या गावागावांत घुमवलं, आमच्याही घरात ते तसंच आलं.

ट्यूब पिळली आणि ओळखीचा वास आला. जवस! तैलरंगात रंगाची पूड बहुधा जवसाच्या तेलातच घोटलेली असते. आई म्हणाली, "म्हणजे चटणीच की!"

कड्याला तांबडा छान बसला. मग हात शिवशिवले आणि कातड्यावरही एक फूल काढलं. धीर कुठला? लगेच थाप मारली. बोटं लाल, आवाज बसलेला. रंगाचा थर चढला की कातडं मोकळं थरथरत नाही, हे तेव्हा कळलं. चिंधीनं पुसलं, डाग राहिलाच.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत ते हळूहळू घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात.

संध्याकाळी धाम नदीवर जाऊन बसले. काठावरच्या आश्रमात विनोबा १९३८ साली आले, तिथलं ब्रह्मविद्या मंदिर उभं राहिलं १९५९ मध्ये. मधे एकवीस वर्षं. माझी घाई मलाच हसू आणून गेली.

खंजिरी खुंटीला टांगली आहे. तांबडा अजून बोटाला लागतो.