तळघरातली शेगडी

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१३ च्या डिसेंबरात मी शिकागोला गेले, तेव्हा माझ्या सामानात डिंक होता, अळीव होते, बाळंतशोपा होत्या, चार जुनी मऊ लुगडी होती. फक्त शेगडी नव्हती. ती विमानात कोणी येऊ दिली नसती एवढे मलाही कळत होते. पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही, ही कल्पना काही केल्या पचत नव्हती. "शेक कसा द्यायचा गं तुला?" असे मी निघण्यापूर्वी फोनवर तीनदा विचारले. लेक हसून म्हणाली, "आई, इथे सगळ्या घरालाच शेक असतो. तू ये तर खरी."

ते खरेच होते. घर शिकागोच्या बाहेर एका उपनगरात, जुने, लाकडी. बाहेर अंगणात पाण्याचा थेंब पडला तर तो पडता पडता गोठेल अशी थंडी, आणि आत मी साध्या सुती साडीत वावरत होते. जमिनीत ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या बसवलेल्या. त्यांतून मधूनमधून 'हूं' असा हुंकार येई आणि ऊन वारा पायांवरून जाई. भिंतीवर एक लहानशी डबी होती. तिच्यावर हवे तेवढे तापमान लावले की झाले. मी आपली थंडी वाजली की काटा ऐंशीवर नेऊन ठेवी. जावई तो परत सत्तरवर आणीत, आणि काही बोलत नसत. पुढे एकदा त्यांनी सांगितले की काटा वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही. ते त्याच वेगाने तापते, फक्त थांबायचे विसरते.

हा हुंकार कोठून येतो ते पाहायला मी तळघरात उतरले. जिन्याखाली एक चिंचोळी खोली, तिला झिलमिळ्यांचे दार, आणि आत कपाटाएवढी पत्र्याची पेटी. हीच फर्नेस. शेजारी आंघोळीचे पाणी तापवणारी टाकी. दोघींचे धुराडे वर एकत्र होऊन चिमणीत गेलेले. जावयांनी विजेरी घेऊन मला सारे दाखवले. इंजिनियर माणूस, समजावून सांगण्याची हौस. पण त्यांच्या इंग्रजी शब्दांपेक्षा मला आमच्या घरचा तांब्याचा बंब जास्त उपयोगी पडला. बंबात मध्ये विस्तवाची नळी आणि भोवती पाणी. विस्तव पाण्याला शिवत नाही. नळीचा पत्रा तापतो, पत्रा पाण्याला तापवतो, आणि धूर वरून आपल्या वाटेने निघून जातो. फर्नेस म्हणजे बंबच. पाण्याच्या जागी हवा. आत पत्र्याच्या पोकळीत गॅस जळतो, बाहेरून पंखा घरातली हवा त्या तापल्या पत्र्यावरून फिरवतो आणि नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवतो. जळलेल्या गॅसची आणि आपण श्वासात घेतो त्या हवेची भेट कधी होता कामा नये. सगळी कला एवढीच. घरभर ऊब नेणारी अशी गॅसची फर्नेस कल्पून १९१९ साली अ‍ॅलिस पार्कर नावाच्या एका बाईने अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते, असे मी नंतर वाचले. मला ते मुळीच नवल वाटले नाही. पहाटे उठून चूल पेटवण्याचा कंटाळा पुरुषाला कोठून येणार?

त्या पेटीत खाली एक इवलीशी निळी ज्योत अखंड तेवत होती. तो तिचा नंदादीप. घर गार झाले की त्याच्यावरून मोठा जाळ पेट घेई. नंदादीपाच्या तोंडाशी दोन धातूंची एक कांडी असते. ती तापलेली असेपर्यंत तिच्यात कणभर वीज निर्माण होते, आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, की कांडी निवते, आणि झडप आपोआप मिटते. हे ऐकून माझा त्या यंत्रावर एकदम विश्वास बसला. नव्या फर्नेसमध्ये हा नंदादीप राहिलेला नाही, विजेनेच पेटते. पण ही जुनी, जवळजवळ तीस वर्षांची होती.

नातू नाताळच्या आठवड्यात झाला. आणि ६ जानेवारी २०१४ ला शिकागोत पारा उणे सत्तावीस अंशांवर गेला. शाळा बंद झाल्या, रस्ते ओस पडले. माझ्या अंगात आता बाळंतिणीची आई संचारली. जेथून म्हणून गार वारा शिरतो असे वाटले, तेथे मी फडकी कोंबू लागले. तळघरात बाळाची दुपटी धुऊन सुकवायच्या यंत्रात टाकायला गेले, तर त्या झिलमिळ्यांच्या दारापाशी पायांना गार झुळूक लागली. फर्नेसच्या खोलीतच थंडी शिरते आहे, मग ती बिचारी घर कसे तापवणार? मी वर गेले, सामानातली दोन लुगडी आणली, आणि एकेक झिलमिळी नीट बोळे करून बुजवून टाकली. दाराखालच्या फटीत एक जुनी गोधडी सारली. मग सुकवायचे यंत्र सुरू करून, मोठे काम केल्याच्या समाधानात वर आले. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते?

दुसऱ्या दिवशी दिवसभर डोके जड होते. वाटले, जागरण. लेक म्हणाली, "माझंही दुखतंय गं." तिलाही जागरण होतेच. जावयांना जेवण नको झाले. त्यांना काही जागरण नव्हते, रात्री ते चांगले घोरत असत. पण एवढा विचार कोण करतो!

रात्री साडेदहाला, बाळ नुकते निजले असताना, वरच्या बोळातली छताजवळची पांढरी डबी ओरडू लागली. चार वेळा टीं टीं टीं टीं, मग क्षणभर शांतता, पुन्हा चार वेळा. आदल्याच आठवड्यात अशीच दुसरी एक डबी मिनिटामिनिटाला एकदा टिंव करीत होती, आणि सेल संपला म्हणून जावयांनी तो बदलला होता. ही गोष्ट मला पाठ झाली होती: डबी ओरडली म्हणजे सेल संपला. लेक झोपेत कुशीवर वळली. जावई खाली होते. मी खुर्चीवर चढले, डबी उतरवली आणि सेल काढून पदराला पुसून ताटलीत ठेवला. घर शांत झाले.

खुर्चीवरून उतरताना मला घेरी आली. मी भिंतीला धरून उभी राहिले, आणि का कोण जाणे, नारायण पेठेतला वाडा डोळ्यांपुढे आला.

धाकटा भाऊ १९६० साली पौषात जन्मला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईच्या बाजेखाली शेगडी असे. ती पेटवण्याचा अधिकार आजीचा. कोळसे ती कधी खोलीत पेटवत नसे. अंगणात वारा घाली, काळे जाऊन सारे निखारे लाल होईपर्यंत थांबे, वर राखेची पांढरी साय धरली की मगच शेगडी आत नेई, ओवा आणि बाळंतशोपा टाकी. आणि खिडकी! बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळे दडपलेले, पण वरची खिडकी आजी बोटभर उघडी ठेवीच. आई कुडकुडत म्हणे, "सासूबाई, लावा ना ती." आजी म्हणे, "वारा तुला नको असेल, कोळशाला हवाच." शेजारच्या वाड्यात एका थंडीत पाहुणे नवरा-बायको दार-खिडक्या घट्ट लावून खोलीत शेगडी घेऊन निजले होते. सकाळी दार फोडावे लागले. बायको वाचली. आमच्याकडे मोठी माणसे ही गोष्ट हळू आवाजात सांगत: "कोळसा बाधला." आणि त्या बाईने सांगितले होते म्हणे, रात्री नुसते डोके दुखत होते.

तिघांची डोकी दुखत होती. मी ताटलीतला सेल परत डबीत बसवला. थोड्या वेळाने पुन्हा चार. मग मात्र मी ओरडले.

पुढचे सारे घाईत झाले. जावयांनी डबी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "आई, कोट घाला. आत्ता बाहेर." बाळाला दोन रजयांत गुंडाळून आम्ही त्या भयंकर थंडीत समोरच्या घरी गेलो; तेथूनच जावयांनी ९११ ला फोन केला. अग्निशामक दलाचे लोक हातात मोजण्याचे यंत्र घेऊन आत गेले, गॅस बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या. आम्हांला रुग्णालयात नेऊन रक्त तपासले, नाकाला प्राणवायू लावला. बाळाच्या नाकावर तो एवढासा मुखवटा पाहताना मी काय काय बोलले देवाशी, ते येथे लिहीत नाही. पहाटे सगळ्यांना घरी सोडले.

सकाळी फर्नेस दुरुस्त करणारा आला. धिप्पाड, अबोल. तळघरात गेला आणि पाच मिनिटांनी माझी दोन्ही लुगडी हातात घेऊन वर आला. त्याने विचारले, हे कोणी केले? मी हात वर केला. वर्गात शाळेतली मुलगी करते तसा.

तो रागावला नाही. खाली बसवून समजावले. जाळाला हवा लागते. झिलमिळ्या त्यासाठीच होत्या; मला लागलेली झुळूक म्हणजे फर्नेसचा श्वास होता, आणि मी तिचे नाक दाबले होते. हवा अपुरी पडली की गॅस पुरता जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यात सुकवण्याचे यंत्र घरातली हवा ओढून बाहेर फेकते. थंडीसाठी बंद केलेल्या घरात ती भरून यायला वाट उरत नाही. मग ती चिमणीतून उलटी येते, धुरासकट. आजच्या फर्नेसना असा धूर उलटला तर बंद पाडणारा खटका असतो. या म्हातारीला नव्हता.

"पण गॅसचा वास कसा नाही आला?" मी विचारले. आपल्याकडे सिलिंडरची सवय. नळी गळली की वास येतो, मग खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, हे प्रत्येक बाईला ठाऊक. तो म्हणाला, वास न जळलेल्या गॅसला येतो, आणि तोही मुद्दाम घातलेला. टेक्ससमधल्या न्यू लंडन गावी १९३७ साली असा बिनवासाचा गॅस शाळेखाली साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे माणसे गेली, बहुतेक मुले; त्यानंतर तो वास घालण्याचे कायदे झाले. पण जळताना तयार होणाऱ्या या विषाला वास नाही, रंग नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक आवडीने धरते. लहान मूल श्वास भराभर घेते, म्हणून त्याला आधी बाधते. नाक येथे कामाचे नाही. म्हणून ती डबी. इलिनॉयमध्ये २००७ पासून निजायच्या प्रत्येक खोलीपासून पंधरा फुटांच्या आत ती असलीच पाहिजे, असा कायदा आहे. एकदा टिंव म्हणजे सेल. चार म्हणजे बाहेर पडा. मिनिटभरात शिकता येण्याजोगी गोष्ट, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती, मीही विचारली नव्हती.

जाताना त्याने फर्नेसचा फिल्टर ओढून काढला. तो धुळीने असा भरला होता की उजेडाकडे धरला तरी पलीकडचे दिसेना. जावई म्हणाले, "तो मी वर्षभर बदलला नव्हता, आई." त्याचा या प्रकरणाशी फारसा संबंध नव्हता, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. दोष वाटून घ्यायला म्हणून ते बोलले. तेव्हापासून जावयांविषयी मी कोणाकडे एक शब्द वावगा बोललेली नाही.

मे महिन्यापर्यंत मी तेथे राहिले, आणि फर्नेस माझ्या ताब्यात आली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फिल्टर पाहायचा. नवा घालताना त्यावरचा बाण फर्नेसकडे. जाळ्यांवर गालिचे येऊ द्यायचे नाहीत. खोलीभोवती रंगाचे डबे, खोकी, कपडे काही ठेवायचे नाही. जावयांचा गवत कापण्याच्या यंत्राच्या पेट्रोलचा डबा मी तळघरातून गॅरेजात हाकलला. डबीचे बटण दाबून ती ओरडते ना, हे महिन्यातून एकदा. आणि ज्योत पाहायची: निळी आणि स्थिर असली तर ठीक, पिवळी होऊन लवलवू लागली तर हात लावायचा नाही, माणसाला बोलवायचे. खोलून पाहण्याची जावयांची हौस मी मोडली. उन्हाळ्यानंतर दर वर्षी जाणत्या माणसाकडून सारी तपासणी, चिमणीसकट, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. दोन वर्षांनी त्यांनी नवी फर्नेस घेतली. ती हवा बाहेरूनच नळीने घेते. बर्फ पडले की त्या नळीचे तोंड मोकळे करायचे, एवढे मी फोनवरून आठवण करीत असते.

पुण्याला परतले, त्या वर्षीची दिवाळी भावाकडे केली. हाच तो पौषातला. नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून न्हाणीघरात गेले, तर भिंतीवर गॅसचा गीझर, आणि वरच्या खिडकीच्या काचपट्ट्यांवर वर्तमानपत्र चिकटवलेले, चांगले चार पदरी. मी आधी ते ओरबाडून काढले आणि मग पाणी सोडले.

बाहेरून भाऊ ओरडला, "अगं ताई, काय फाडतेस? पहाटेचा केवढा गार वारा येतो तिथून!"

"येऊ दे," मी म्हटले. "तुझ्या जन्मापासून येतो आहे."

त्याला काही कळले नाही. फराळाच्या वेळी सांगेन म्हटले. पण पोरे फटाक्यांना उठली होती, वहिनी चकल्या तळत होती, आणि न्हाणीघरापुढे दोघे जण टॉवेल घेऊन थांबले होते. मी पाट घेऊन दारातच बसले आणि प्रत्येकाला सांगितले की बादली भरून घे, गीझर बंद कर, मग कडी लाव. गीझर बाहेरच्या गॅलरीत बसवायला माणूस दिवाळीनंतर आला.