कामाशिवाय पुण्याला

माघ सरत आला की आमच्या भिगवणकडे उजनीच्या फुगवट्यावर शहरातल्या मोटारी लागतात. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे बायकापोरांसह होडीत बसतात आणि रोहित पक्षी बघून येतात. आम्ही बांधावर उभे राहून त्यांना बघतो. परवा होडीतून उतरलेल्या एका लहानग्याने मला विचारले, "काका, तुम्ही आमच्या पुण्यात काय बघायला येता?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

वाचकहो, तुम्हीच सांगा, आपण पुण्याला कशाला जातो? कोर्टाची तारीख असते. कुणाला तरी दवाखान्यात ठेवलेले असते. मुलाच्या प्रवेशाचे कागद असतात. नाहीतर रात्री टेम्पो भरायचा, गुलटेकडीच्या यार्डात माल उतरवायचा आणि सकाळी पट्टी खिशात घालून परतीला लागायचे. सगळे शहर असे काळजीच्या तोंडाने बघितलेले. घरातल्या बायकांनी तर तेवढेही नाही.

माझ्या आईने सत्तरी उलटेपर्यंत पुणे तीनदा पाहिले. पहिल्यांदा वडिलांच्या ऑपरेशनला, दुसऱ्यांदा जमिनीच्या वाटणीच्या दाव्यात अंगठा द्यायला, तिसऱ्यांदा स्वतःच्या मोतीबिंदूला. दुसऱ्या खेपेला रिक्षा शनिवारवाड्यावरून गेली तेव्हा ती मान वळवून म्हणाली, "केवढा दरवाजा! कुणाचा रं हा वाडा?" मी म्हणालो, येताना बघू. येताना गाडीची वेळ झाली होती. तिसऱ्या खेपेला आम्ही त्याच रस्त्याने गेलो, पण तेव्हा तिच्या डोळ्याला पट्टी होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तिला, बायकोला आणि दोन्ही मुलांना घेऊन दोन दिवस पुण्याला गेलो. कुणाचे काही काम नव्हते. गावात ज्याने त्याने विचारले, "कोण आजारी आहे?" कोणीच नाही म्हटले तर त्यांचा विश्वास बसेना.

हाच हंगाम का, ते आधी सांगतो. गहू ओंबीवर असतो आणि ज्वारीची काढणी अजून अंगावर आलेली नसते. सकाळी गारवा आणि दुपारचे ऊनही सोसेल इतके. पुढे चैत्र-वैशाखात लग्नसराई आणि पाण्याची ओढ, मग कोण कुठले निघते! मात्र उसाला टोळी यायची असेल तर निघू नका, हा अनुभवाचा बोल आहे. जनावरांचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात असतोच. आम्ही भावाभावांत ठरवले की एका वर्षी निम्मे घर जाईल आणि निम्मे धारा काढील, पुढच्या वर्षी उलट.

खर्चाची भीती बाळगू नका. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. आधारकार्ड तेवढे जवळ ठेवा. आई शहात्तरची. कंडक्टरने पैसे घेतले नाहीत हे तिला खरे वाटेना. यवत येईपर्यंत ती कनवटीचे पैसे हातात धरून बसली होती. मुक्काम नातेवाइकांकडे होत असेल तर उत्तम, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. हरभऱ्याचे डहाळे आणि गुळाची ढेप घेऊन गेलात तर शहरातली भावजय दारातच हसते.

स्वारगेटला उतरलात की लगेच तिथे जमिनीखाली मेट्रो आहे. स्वारगेटहून आत जाणारी ही वाट २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली. सरकता जिना पाहून आई थबकली. नऊवारीचा काठ दातांत सापडेल ही तिची भीती मला काही खोटी वाटली नाही. अशा वेळी ओढाताण करू नये, सरळ लिफ्टने खाली जावे. पुढे जिल्हा न्यायालय नावाचे स्टेशन लागते, ते जमिनीखाली ३३ मीटर आहे, म्हणजे शंभर फुटांहून खोल. धाकट्याने विचारले, "एवढ्या खोल विहिरीला पाणी कसं लागलं नाही?" आई मात्र फलक वाचल्यावर म्हणाली, "कोर्टाला आलो आणि तारीख न्हाई, असं पहिल्यांदाच."

पहिल्या दिवशी मंडईपासून सुरुवात करा. स्टेशनाचे नावही मंडईच. मधला आठकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या लांब पाखा, अशी ही दगडी इमारत १८८६ सालची. इंग्रजी अमदानीत तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले तेव्हाच्या पुणे नगरपालिकेत सभासद होते. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले! 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचे नाव भाजीबाजाराला शोभते, यात शंका नाही, पण विरोधाची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

या दिवसांत मंडईत सोलाणे, बोरे, मटार, द्राक्षे, स्ट्रॉबेरी यांचे ढीग असतात. माझा थोरला नववीत आहे. त्याला मी म्हणालो, आपण जे जे पिकवतो त्याचा भाव प्रत्येक गाळ्यावर विचारत चल. त्याने विचारले, पाठ केले आणि मनातल्या मनात घरच्या पट्टीशी ताडून पाहिले. नंतर बराच वेळ तो बोलला नाही. गाळेवाल्या बाई म्हणाल्या, "घ्यायचं नाही तर विचारतोस कशाला?" तो म्हणाला, "आम्हीच पिकवतो." बाईंनी त्याच्या हातावर दोन बोरे ठेवली आणि गाळ्याचे भाडे, हमाली, रोजचे सडणे, सगळा हिशेब त्याला समजावून सांगितला. शाळेत हे कोण शिकवणार?

मंडईपासून चालत जाण्याजोगे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही वगळा, पण हे वगळू नका. दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. गावोगाव, वाड्यावाड्यांतून त्यांनी जुन्या वस्तू गोळा केल्या, वीस हजारांच्या वर. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि आयुष्यभराची ही जोड सरकारच्या स्वाधीन केली. तिथे राजेरजवाड्यांची शस्त्रे आहेत, मस्तानीचा महाल म्हणून एक दालन कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेले आहे. पण आपल्या माणसांचे पाय अडतात ते दिवे, अडकित्ते, विळ्या, खवण्या, वजऱ्या यांच्यापाशी. कुठे मोराच्या आकाराचा अडकित्ता, कुठे नाजूक कोरीव मूठ. आई एका समईपुढे उभी राहिली ती हलेना. म्हणाली, "आपली अशीच होती की! तुझ्या बापानं मोडीत घातली, दुष्काळाच्या साली." बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरातून काय काय गेले याची यादी मला त्या दिवशी, त्या दालनात उभ्याउभ्या, पहिल्यांदा कळली. मुले ऐकत होती. माझी बायकोही ऐकत होती, आणि वीस वर्षांच्या संसारात तिलाही यातले काही ठाऊक नव्हते.

वाचक भगिनींनो, माळ्यावरची जुनी भांडी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा या संग्रहालयात जाऊन या, एवढेच म्हणतो.

उन्हे कलल्यावर शनिवारवाड्याला जा. आधीच सांगून ठेवतो, आत वाडा नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला पेशव्यांचा हा वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीत गेला. तट, बुरूज, दरवाजे राहिले आणि आत नुसती जोती. पण शेतकऱ्याला जोत्यावरून घर ओळखता येते. सोपा कुठे, चौक कुठे, हे आईने शहरातल्या पोरांपेक्षा लवकर सांगितले. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे मुलांना दाखवा. कमळाच्या पाकळ्यांचे हजारी कारंजे दाखवा. आणि जवळच लाल महाल आहे, त्याची गोष्ट सांगा. उजाड झालेल्या पुण्यात जिजाऊंनी बाळ शिवबाच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, असे आपण ऐकत आलो. एवढ्या मोठ्या शहराची सुरुवात तासावरून सांगितली जाते, हे ऐकून माझा धाकटा फार खूश झाला.

आई मात्र दरवाज्याशी बसली होती. मी विचारले, "बघितलास ना वाडा?" ती म्हणाली, "बघितला. रिक्षातून मोठा दिसला व्हता."

संध्याकाळी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जा. पूर्वी भोवती खरेच तळे होते, आता हिरवळ आहे. मुलांना शेजारच्या पेशवे उद्यानात फुलराणी ही छोटी आगगाडी चालू असली तर तीत बसवा. ती १९५६ सालापासूनची आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे पर्वती चढावी. पायऱ्या एकशे तीन आणि चांगल्या रुंद. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७६१ साली तिथेच देह ठेवला. वरून सगळे शहर दिसते आणि फेब्रुवारीत उतारावर कुठे कुठे पांगारा, काटेसावर फुललेली असते. आपल्या बांधावरची झाडे तिथे भेटली की बरे वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलांचे मन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात असते, तेव्हा अर्धा दिवस त्याला द्या. बुधवारी ते बंद असते, हे मात्र विसरू नका. वाघ बघायला आलेली आणि बंद फाटक बघून रडणारी पोरे मी पाहिली आहेत.

उरलेल्या वेळात आम्ही मेट्रोने कल्याणीनगरला उतरून आगाखान पॅलेसला गेलो. १८९२ साली बांधलेला हा राजवाडा दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून उभारला, असे सांगतात. 'चले जाव'च्या वेळी, १९४२ च्या ऑगस्टात, गांधीजींना इथे स्थानबद्ध केले. त्यांच्या बरोबर आलेले महादेवभाई देसाई आठवड्याभरातच, १५ ऑगस्टला, इथे वारले. आणि १९४४ साली २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्या दिवशी महाशिवरात्र होती. दोघांच्या समाध्या मागच्या अंगणात आहेत. आम्ही गेलो तेव्हा समाधीवर ताजी फुले होती. आईने पायातल्या चपला काढल्या.

"किती दिवस आजारी व्हत्या?"

मी म्हणालो, बरेच दिवस.

"घरी न्यायला न्हाई सोडलं?"

नाही, म्हणालो. तिने पदराने समाधीच्या कडेची माती पुसली आणि ती तिथेच टेकली. मुलांना दंगा करू नका असे मला सांगावे लागले नाही.

तुमच्या मुलांना शास्त्राची गोडी असेल तर २८ फेब्रुवारीचा बेत करा. रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाची आठवण म्हणून हा दिवस विज्ञान दिन पाळतात. विद्यापीठाच्या आवारात जयंत नारळीकरांनी उभी केलेली 'आयुका' ही संस्था त्या सुमारास सर्वांना पाहायला खुली असते, आणि आपल्या मराठीत समजावून सांगणारी माणसेही भेटतात. न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचे कलम इथे आणून लावले होते. काही वर्षे जगले, फळही धरले, पण पुण्याची हवा त्याला मानवली नाही. जाण्याआधी वेळ आणि दिवस कुणाकडून तरी फोनवर विचारून घ्या. फुलांची हौस असलेल्यांनी थोडे आधी, जानेवारीअखेरीस, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन गाठावे.

बाहेरचे खाणे महाग पडते आणि पोटाला झेपतेच असे नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून नेला होता. सारसबागेच्या बाहेर मुलांना भेळ दिली, तेवढीच चैन. मुलांच्या खिशात गावाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना दर तासाला बसवा, मग ती दिवसभर चालतात.

परतीची गाडी स्वारगेटहून सुटली तेव्हा अंधार पडला होता. मुले झोपली. हडपसर मागे पडले तरी आई खिडकीला नाक लावून दिवे बघत होती. मला वाटले, दोन दिवसांतले काहीतरी आठवत असेल. तेवढ्यात ती वळली.

"फोन लाव रं घरी. म्हशीनं पान्हा सोडला का इचार."