सोडत

चिठ्ठी टाकून निर्णय करण्याची रीत आमच्या समाजास नवी नाही. कोकणात ग्रामदेवतेपुढे कौल लावतात; अंगणात खेळणारी मुले चकून राज्य कोणावर ते ठरवितात; आणि बंगल्यांतून काय किंवा वस्त्यांतून काय, बायकांची भिशी दरमहा डब्यातून निघणाऱ्या एका चिठ्ठीवर चालते. जेथे एकाचा हक्क दुसऱ्याहून अधिक म्हणता येत नाही, तेथे माणसाने निवडीच्या भानगडीत न पडता ती दैवावर सोपवावी ह्यात मोठे शहाणपण आहे, असेच आम्ही आजवर मानीत आलो. ह्या समजुतीस पहिला धक्का बसला तो २०२४ सालच्या पावसाळ्यात. आणि तो देणारी व्यक्ती कोणी तत्त्वज्ञ नसून आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई होत्या.

बाईंची धाकटी मुलगी त्या वर्षी पहिलीत जावयाची होती. कोथरूडात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर त्यांची वस्ती आहे, आणि त्या वाटेच्या बरोबर मध्यावर एक खाजगी इंग्रजी शाळा आहे. आमचा नातू त्याच शाळेत जातो. बाई रोज येता-जाता त्या फाटकापाशी क्षणभर थांबत, हे आम्हांस पुढे कळले. मार्च महिन्यात त्या एके दिवशी हात पुसत बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, ते पंचवीस टक्क्यांचं असतं ना, त्याचा अर्ज तेवढा भरून द्याल का?"

पंचवीस टक्क्यांचे म्हणजे काय, हे वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये विनाअनुदानित खाजगी शाळांनी आपल्या प्रवेशवर्गातील किमान चतुर्थांश जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस द्यावयाच्या, आणि आठवीपर्यंत त्यांजकडून फी घ्यावयाची नाही. तो खर्च सरकारने ठराविक दराने शाळेस भरून द्यावयाचा. शाळाचालकांनी ह्या तरतुदीस आव्हान दिले, परंतु २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून, ती ग्राह्य ठरविली. जागा थोड्या आणि मुले फार, म्हणून आपल्या राज्यात ह्या प्रवेशांची सोडत संगणकावर निघते. आईबापांनी घराचा ठिकाणा नकाशावर दाखवावयाचा, जवळच्या शाळांतून दहापर्यंत शाळा निवडावयाच्या, आणि मग यंत्र काय सांगते त्याची वाट पाहावयाची. एक किलोमीटरच्या आत राहणारे आधी, त्यापलीकडचे नंतर.

अर्ज भरावयास बसलो तो एप्रिलात. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला होता. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तिला ह्या बंधनातून सूट मिळाली होती. पुण्यासारख्या शहरात ह्याचा अर्थ काय, हे सांगावयास नकोच. पडद्यावर जी यादी उमटली तीत महापालिकेच्या व अनुदानित शाळा होत्या. फाटकाची शाळा नव्हती. बाईंनी यादी ऐकून घेतली व शांतपणे विचारले, "ह्या शाळांसाठी अर्ज कशाला हो? तिथं तर तसंच घेतात." सरकारच्या त्या नव्या नियमावर ह्याहून नेमकी टीका आम्ही कोठे वाचली नाही. पुढे ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या नियमास स्थगिती दिली, सर्वांस नव्याने अर्ज भरण्यास सांगण्यात आले, आणि आमचा अर्ज दुसऱ्यांदा भरला गेला. ह्या खेपेस फाटकाची शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिली.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाईंसमवेत आम्ही सेतू केंद्रावर गेलो. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा तो दाखला. रांग मोठी होती, आणि रांगेत बोलणे एकच. एक रिक्षावाले गृहस्थ यंत्राच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे, यंत्र आडनाव पाहत नाही, कपडे पाहत नाही, आईला इंग्रजीत प्रश्न विचारीत नाही. माणसासमोर उभे राहण्यापेक्षा यंत्रासमोर उभे राहणे बरे. शेजारच्या बाईंस हे पटेना. यंत्र आंधळे असेल, पण त्याला चालविणारा डोळस आहे, असे त्या म्हणाल्या. तिसऱ्यास ठाऊक होते की नकाशावरचा ठिपका थोडा सरकविला की घर शाळेच्या जवळ येते. चौथा म्हणाला, मोटारीतून येणारेही लाखाच्या आतले दाखले काढतात. खरेखोटे देव जाणे. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. डब्यातून चिठ्ठी निघते तेव्हा ती काढणारा हात सर्वांस दिसतो. यंत्राचा हात कोणास दिसत नाही. न्याय झाला एवढे पुरत नाही, तो होताना दिसावा लागतो, ही जी माणसाची जुनी मागणी आहे ती ह्या रांगेतही उभी होती.

७ जून रोजी सोडत निघाली. परंतु प्रकरण न्यायालयात होते, म्हणून निकाल कुलुपातच राहिला. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या. आमचा नातू नवी दप्तर-डबा घेऊन फाटकातून आत गेला, आणि बाईंची मुलगी आईचे बोट धरून आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागली. एका कोपऱ्यात बसून ती नातवाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर चित्रे काढी. बाई रोज विचारीत, "आलं का काही?" आणि आम्ही रोज दूरध्वनी पाहून मान हलवीत असू. त्या वर्षी राज्यात सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांवर अर्ज होते. पण आकडे हे वर्तमानपत्रात वाचावयाचे असतात, कणीक मळणाऱ्या बाईस सांगावयाचे नसतात. अखेर १९ जुलै रोजी उच्च न्यायालयाने सरकारचा नवा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला, आणि दुसऱ्या दिवशी यादी लागली.

मुलीचे नाव निवडयादीत नव्हते. प्रतीक्षायादीत होते, बरेच खाली.

अशा वेळी काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही. आणि सुचत नाही तेव्हा शिकलेला मनुष्य जे बोलतो तेच आम्ही बोललो. "नशीब असते बाई एकेकाचे," आम्ही म्हणालो, "चिठ्ठी आहे, कोणाची निघते, कोणाची नाही. तुमच्या भिशीसारखेच ते."

बाईंनी पोळी उलटली. मग म्हणाल्या, "नाही दादा. भिशीत आज नाही निघाली तर पुढच्या महिन्यात निघते. शेवटी सगळ्यांची निघते. पोरगी पहिलीत एकदाच जाते."

त्या दिवशी पोळ्या नेहमीसारख्याच झाल्या. घास मात्र आमच्या गळ्याखाली उतरेना. भिशीचा दाखला आम्ही दिला होता खरा, पण भिशीचा न्याय आम्हांस समजला नव्हता. भिशीत चिठ्ठी केवळ क्रम ठरविते. कोणास मिळावे आणि कोणास मिळू नये, हे ती ठरवीत नाही. शिवाय भिशीत डब्यात प्रत्येकीचे नाव असते. आमची चिठ्ठी टाकू नका, आम्हांस दरमहा तशीच रक्कम द्या, असे म्हणणारी बाई त्या मंडळात एक दिवस टिकावयाची नाही.

आणि आम्ही? वर्षापूर्वी नातवाचा प्रवेश झाला त्या दिवसाची आठवण झाली. आम्ही त्याच फाटकातून आत गेलो होतो. कार्यालयात पंखा फिरत होता, खुर्ची मिळाली, फीचा पहिला हप्ता भरला, पावती घेतली, आणि पंधरा मिनिटांत बाहेर आलो. वाटेत नातवास आइस्क्रीम घेऊन दिले. त्यात आम्ही काही गैर केले नव्हते. कायद्याने ते सर्व यथास्थित होते. परंतु त्या पंधरा मिनिटांत नशीब हा शब्द कोणाच्या ओठांवर आला नाही. ज्याच्या खिशात फी आहे त्याच्यासाठी दैव काम करून आधीच निघून गेलेले असते. ते कोणत्या घरी जन्म झाला त्याच वेळी चिठ्ठी काढून मोकळे होते. उरलेल्यांनी यंत्रापुढे बसावे, आणि आम्ही त्यांना नशिबाचे तत्त्वज्ञान सांगावे, अशी ही वाटणी आहे.

सिंगापुरास कायम रहिवासी झालेला आमचा एक पुतण्या आहे. त्यास ही हकीगत सांगितली तेव्हा त्याने आपलेही गाऱ्हाणे ऐकविले. तेथील जवळजवळ सर्व प्राथमिक शाळा सरकारी वा सरकारी साहाय्याच्या आहेत, आणि नावाजलेल्या शाळेत गर्दी झाली की तेथेही संगणकावर सोडत निघते. ती शुद्ध दैवाची असते असेही नाही. ज्याचे भावंड शाळेत आहे तो आधी. ज्याचे आईबाप तेथे शिकले तो त्यानंतर. ज्या पालकांनी शाळेसाठी निदान चाळीस तास स्वयंसेवा केली त्यांनाही थोडे अगोदरचे स्थान. आणि मग बाकीचे. प्रत्येक टप्प्यात नागरिक आधी, कायम रहिवासी मागून. घर एक किलोमीटरच्या आत की दोनच्या, हेही पाहतात. शाळेजवळ बिऱ्हाड थाटून जवळचे ठरणाऱ्यांस आळा बसावा म्हणून त्या पत्त्यावर किमान तीस महिने राहण्याची अट आहे. पुतण्याच्या मुलीचे नाव निघाले नाही, आणि तो फार चिडला होता. त्याची चिडचिड ऐकताना आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे बरे वाटले. तो सुशिक्षित, मिळवता मनुष्य. तरी त्याच्या मुलीचे नाव टॅक्सी चालविणाऱ्याच्या मुलीबरोबर एकाच डब्यात पडले होते. आणि नाव न निघाल्याने तिचे झाले काय? तिला थोड्या अंतरावरची दुसरी सरकारी शाळा मिळाली, आणि ती तेथे आनंदाने जाते.

सोडत सह्य केव्हा होते, ते आम्हांस येथे उमगले. डब्यात सर्वांची नावे असावीत, ही एक गोष्ट. आणि जो हरला त्याचे फारसे बिघडू नये, ही दुसरी. ह्या दोन्ही असतील तर चिठ्ठी हा खेळ आहे, नसतील तर तो जुगार आहे, आणि तोही दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर.

म्हणून यंत्र मोडावे असे आम्ही म्हणत नाही. रिक्षावाल्या गृहस्थाचे म्हणणे विसरून चालणार नाही. यंत्राआधी जे होते ते शिफारसपत्र, ओळखदेख आणि मुलाखत होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सांगितले होते की, शिक्षणावरील पैसा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गास होतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. ह्या दोघांच्या पुण्यात, शंभराहून अधिक वर्षांनी, बाईंच्या मुलीसाठी निदान एक डबा तरी आहे. पण ज्या शाळेत 'तसंच घेतात' ती शाळा अशी असती की आम्हीही नातवास तेथेच घातले असते, तर ह्या डब्याची गरज किती उरली असती? ह्या प्रश्नाचे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे, असे म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे सुटका करून घेतली. ज्या शाळेत आपले मूल नाही, तिच्या गळक्या छपराची काळजी आपण करीत नाही. आणि म्हणूनच ते गळते.

बाईंची मुलगी आता महापालिकेच्या शाळेत जाते. तिचे अक्षर नातवाहून चांगले आहे. परवा रविवारी आईबरोबर आली तेव्हा आमच्या अंगणात पाच-सहा मुले लपाछपी खेळावयास जमली होती. चकावयाची वेळ आली तशी आमच्या नातवाने हात मागे घेतला. घर माझे आहे, म्हणून माझ्यावर राज्य नको, असा त्याचा युक्तिवाद होता.

"असं नाही चालत," ती म्हणाली. "हात सगळ्यांनी घालायचा."

इतर मुलांनीही तिचीच री ओढली. नातवाने आमच्याकडे पाहिले. आम्ही वर्तमानपत्र वर धरले, आणि त्याने हात पुढे केला.