जोड

भोरला आमच्या माजघराच्या भिंतीवर एक पांढरी चौकोनी डबी होती. दारातल्या खांबावरून आलेली काळी तार तिच्यात शिरायची आणि फोनची वायर तिच्यातून खाली उतरायची. फोन आला तेव्हा मी चौथीत होते. गल्लीतल्या सहा-सात घरांनी आपापल्या नातेवाइकांना आमचाच नंबर पीपी म्हणून दिलेला. त्यामुळे घंटा वाजली की निरोप घेऊन धावायचं काम माझं. त्या श्रावणात फोन मुका झाला आणि मला चैन पडेना. लाइनमन काका आले तेव्हा वाटलं, आता शिडी लावून खांबावर चढतील. ते भिंतीपाशी उकिडवे बसले, डबीचा स्क्रू काढला आणि म्हणाले, "बॅटरी धर गं जरा."

आत दोन तारा होत्या, शेवयांइतक्या बारीक. एक तांबूस, दुसरी टोकाला हिरवी पडलेली. भिंतीला आलेली ओल तिच्यापर्यंत पोचली होती. काकांनी हिरवं टोक पक्कडीनं तोडलं, वरचं प्लास्टिक सोलून लख्ख तांबं उघडं केलं, स्क्रूभोवती पीळ दिला आणि आवळलं. कमरेला लटकणारा आपला फोन लावून आधी स्वतः ऐकलं, मग माझ्या कानाला लावला. डायल टोन होता.

"आधी घरातलं बघायचं, मग दारातलं, मग खांबावरचं," ते म्हणाले. "तार मधेच सहसा जात नाही पोरी. जोडात जाते."

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. आमच्या माजघरात ते यायला २००१ उजाडलं, आणि आलं ते त्याच डबीतून, त्याच दोन तारांवरून. मोडेम नंबर फिरवायचा, पलीकडच्यानं उचललं की दोघांची किणकिण, घरघर चालायची. वेग किती धरायचा ते त्या बोलण्यातच ठरायचं. ५६ किलोबिटचा मोडेम. एक मेगाबाइटची फाइल यायला पूर्ण वेग मिळाला तरी अडीच मिनिटं लागायची. पण दुपारी साडेतीनच्या सुमारास लाइन हटकून तुटे. मी आठवडाभर तुटण्याच्या वेळा कागदावर मांडल्या तेव्हा कारण सापडलं. डबीतूनच निघालेली एक वायर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनला जात होती. चहा टाकला की आई मावशीला फोन करायला रिसीव्हर उचलायची, आणि दोन मोडेमच्या बोलण्यात तिसराच जोड लागायचा. तो कागद माझ्या वहीचं पहिलं पान. तारीख, लक्षण, कारण असे तीन रकाने तेव्हा पाडले, ते आजही तेच आहेत.

पुढे ब्रॉडबँड आलं. २००४ च्या सरकारी धोरणानं २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०२३ मध्ये ती रेघ २ मेगाबिटवर गेली. भोरला ते आलं तेव्हाही तार जुनीच. बोलणं खालच्या कंपनांवर आणि नेट वरच्या, दोन्ही एकाच तांब्यातून. दोघांनी एकमेकांत लुडबुड करू नये म्हणून फोनच्या आधी फिल्टरची छोटी डबी. एखाद्या फोनला ती लावायची राहिली की घंटा वाजताच नेट पडे. वहीत हे कारण तीनदा आहे, एकदा आमच्या घरचं आणि दोनदा शेजारचं.

२००७ ला लग्न होऊन मी वेल्ह्यात आले. नसरापूरहून आत वळल्यावर मार्गासनीच्या पुढे रस्ता राजगडाच्या पायथ्याकडे जातो, त्या वाटेवर आमचं गाव. आता तालुक्याचं नावच राजगड झालंय, घरात मात्र अजून वेल्हेच तोंडी आहे. सासरी आले आणि पहिल्याच गुरुवारी देवळापाशी लाइनमन काका भेटले. ते मूळचे याच गावचे, निवृत्त होऊन भातशेती बघायला परतलेले. माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं.

भोरला एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर होतं. इथे तार ओढे, बांध आणि करवंदीच्या जाळ्या ओलांडत कित्येक किलोमीटर आलेली. नेट टिकेना, म्हणून मी जोडामागून जोड तपासत राहिले. काकांनी एकदा घरी येऊन टेस्ट फोन लावला आणि सांगितलं की सगळे जोड चांगले आहेत. तांब्यातून जाताना वरची कंपनं अंतराबरोबर विरत जातात, पाचेक किलोमीटरच्या पुढे नेटजोगं फार थोडं उरतं. त्या दिवशी कारणाच्या रकान्यात 'अंतर' लिहिलं. पुण्याच्या छापखान्यासाठी मी डीटीपीची कामं करते, बहुतेक शाळांच्या प्रश्नपत्रिका. काही वर्षं त्या पेन ड्राइव्हमध्ये घालून एसटीनं पाठवल्या, मग डोंगल आला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्याकडे घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. बऱ्याच दिवसांनी वीज आली तेव्हा मोबाइलवर नेट होतं, कॉम्प्युटरवर मात्र एक पान उघडेना. माझी नणंद दुबईत, विमानं बंद. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेलं, मोबाइलवर लेकीचा चेहरा त्यांना उमगत नसे. म्हणून रोज संध्याकाळी सातला त्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायच्या. दोन संध्याकाळी त्या तशाच बसल्या आणि तशाच उठल्या. काही बोलल्या नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

मी घरातल्यापासून सुरुवात केली. डोंगलचा दिवा स्थिर होता. ८.८.८.८ ला पिंग केलं तर चारही उत्तरं आली, म्हणजे रस्ता मोकळा होता. साइटचं नाव टाकून पिंग केलं, नावावरून पत्ताही लागत होता. आणि तरी प्रत्येक साइट सुरक्षित नसल्याचं सांगत ब्राउझर दार लावून घेत होता. तिसऱ्या दुपारी पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ तो चालू ठेवतो. आमचा सेल संपला होता, त्यामुळे त्या अंधाऱ्या दिवसांत घड्याळ मागे गेलं. प्रत्येक सुरक्षित साइट ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते चालेल ते लिहिलेलं असतं. २००९ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला २०२० चं प्रमाणपत्र खरं कसं वाटावं? तारीख हातानं बदलली आणि पान उघडलं. त्या संध्याकाळी सासूबाई लेकीशी पाऊण तास बोलल्या. नसरापूरहून नवा सेल येईपर्यंत मी रोज सकाळी तारीख घालत होते.

नेट बंद पडलं की लोक पहिल्यांदा सगळं बंद-चालू करतात. त्यानं पुष्कळदा काम होतं, हे खरं. पण दिवे न बघता केलं तर दोषाची खूणही पुसली जाते आणि आठवड्यानं तोच दोष परत दारात उभा राहतो. मी गावातल्या पोरांना सांगते, आधी दिवे बघा, ते लिहा, मग बटण दाबा.

आता गावात फायबर आहे, तांब्याच्या जागी काच. गेल्या पावसाळ्यात जांभळाची फांदी पडून ती तुटली आणि घरातल्या डबीवर लाल दिवा लागला. त्या दिव्याचा अर्थ एकच, उजेड पोचत नाही. मी डबीमागचा जोड काढून पुसला, केबल कुठे दुमडलीय का पाहिलं, मग दारात आले, मग खांबापर्यंत गेले. जोडणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. पाऊस भुरभुरत होता. मी त्याच्यावर छत्री धरली. रोपं काढून शेतातून परतणारे लाइनमन काकाही थांबले.

मुलानं आधी प्लास्टिकची बारीक नळी काचेच्या एका धाग्यात ओवून ठेवली. मग धाग्यावरचं आवरण सोललं. आतली काच १२५ मायक्रॉन, केसाएवढी. स्पिरिटनं पुसताना ती कुईंकुईं वाजली. छोट्या यंत्रात टोक सरळ कापलं, तसंच दुसरं. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून झाकण लावलं, तेव्हा पडद्यावर ती मोठी होऊन दिसली, पेटीत ठेवलेल्या दोन खडूंसारखी. ती आपोआप हलली, एका रेषेत आली, मधे ठिणगी पडली आणि मधली फट नाहीशी झाली. खाली आकडा उमटला, ०.०२ डेसिबल.

काका वाकून बघत होते. "म्हणजे पीळ नाहीच?"

"नाही काका, वितळवतो."

मुलानं नळी जोडावर सरकवली, गरम करून बसवली आणि धागा बाहेर काढला. काकांनी चिखलाचे हात धोतराला पुसले आणि हात पुढे केला. मुलानं तो जोड त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ऊन लागतंय अजून," काका म्हणाले.