केरसुणी आणि श्वास

दिवाळी जवळ आली कीं घरोघर जळमटें निघूं लागतात. निरोगी माणूस ती धूळ दोन शिंकांत विसरतो. ज्यास फुप्फुसांचा जुनाट विकार आहे, त्यास मात्र तीच अंथरुणास खिळवते. आमच्या काकूंनीं चाळीस वर्षें चूल फुंकली; आतां सीओपीडीनें त्यांचा श्वास आंखडला आहे. तरीहि केरसुणी खालीं ठेवावयास त्या राजी नाहींत. त्यांचा हा अधिकार काढून घ्यावा, असें आम्हांस वाटत नाहीं. झाडण्याची रीत तेवढी बदलावी. कोरडी धूळ न उडवितां ओल्या फडक्यानें टिपावी. माळा तरुणांनीं झाडावा व धूळ बसेपर्यंत काकूंनीं दुसऱ्या खोलींत थांबावें. मोरी धुतांना ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड कधींहि एकत्र करूं नये. त्यांतून क्लोरीन वायु निघतो व तो निरोग्याच्याहि छातीस बाधतो. डबे पुसणें, कपाट लावणें हीं कामें बसून, विसावा घेत करतां येतात. डॉक्टरांनीं दिलेला इन्हेलर हाताशीं असावा. कोणतें काम कोणीं करावयाचें, हें मात्र काकूंनींच सांगावें. घरांतील त्यांचा मान केरसुणीवर अवलंबून नाहीं, हें तरुण मंडळींनीं कृतीनें दाखविलें पाहिजे.