खाकी पडशी

मराठीने पिशवीला जितकी नावे दिली, तितकी घरातल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूला क्वचितच दिली असतील. भिक्षेकऱ्याच्या खांद्यावरची ती झोळी, वाटसरूच्या खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी ती पडशी, घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना पडणारी ती खुरजी, पानसुपारीची ती चंची आणि शाळकरी मुलाचे ते दप्तर. प्रत्येक नावात ती बाळगणाऱ्याचा व्यवसाय आणि त्याची वाट दडलेली आहे. सैनिकाच्या पिशवीसाठी मात्र आपण स्वतःचा शब्द घडवला नाही. इंग्रजीतून ‘हॅवरसॅक’ आला, आणि तोही मूळचा जर्मन. घोड्याचे ओट ठेवण्याची थैली एवढाच त्याचा पहिला अर्थ. आपल्या फौजेत पाठीवरच्या ओझ्याला ‘पिठ्ठू’ म्हणतात. माझे मामा या दोन्ही शब्दांना बाजूला सारून ‘माझी पडशी’ असे म्हणत. तीच पडशी गेली अनेक वर्षे माझ्या बेंगळूरच्या घरी आहे.

मामा बेळगावचे. तरुणपणी ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत भरती झाले. ही पलटण सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. त्या वर्षाच्या अखेरीस सांग्रो नदी, पुढचे दोन हिवाळे अपेनाइन पर्वताच्या आसपासचा चिखल आणि बर्फ, आणि शेवटी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदी, असा तिचा मार्ग. याच पलटणीतील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियोकाठी गाजवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मामांना पदक मिळाले नाही, आणि ते युद्धाविषयी बोललेही नाहीत. त्यांनी घरी धाडलेली पत्रे बेळगावच्या पावसाने आणि वाळवीने केव्हाच संपवली. त्यामुळे त्या वर्षांची आमच्या कुटुंबात उरलेली एकमेव संहिता म्हणजे ही पिशवी होय. ‘संहिता’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे.

१९३७ सालच्या नमुन्याची ही पिशवी दाट विणीच्या सुती कापडाची आहे. झाकणावर दोन पट्टे, त्यांच्या टोकांना पितळी टोप्या, आत जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली राहावी म्हणून शिवलेले कप्पे. झाकणाच्या आतल्या अंगाला शाईने लिहिलेला मामांचा फौजी क्रमांक. त्यातले शेवटचे दोन अंक तिरप्या उजेडातच वाचता येतात. डाव्या कोपऱ्यात एक बोटभर लांबीची फाट आहे आणि ती जाड काळ्या दोऱ्याने ओबडधोबड शिवलेली आहे. सैनिकाजवळच्या सुई-दोऱ्याच्या लहानशा बटव्याला इंग्रज शिपाई ‘हाउसवाइफ’, म्हणजे गृहिणी, म्हणत असत. घरापासून हजारो मैलांवर मामांनी त्या गृहिणीच्या मदतीने घातलेले ते टाके मी मोजले आहेत. ते अकरा आहेत.

कापडावर एक हिरवट-खाकी भुकटीचा थर आहे. तो मळ नव्हे. त्याला ‘ब्लँको’ म्हणत. तपासणीच्या आदल्या रात्री ही भुकटी पाण्यात कालवून पट्ट्यांना आणि पिशव्यांना फासायची आणि पितळ घासून लख्ख करायचे, हा त्या काळच्या शिपायाचा नित्यनेम होता. त्यातला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. जी निगा राखण्याची सक्ती होती, तिनेच वस्तू झिजत असे. प्रत्येक घासणीबरोबर पितळ कणाकणाने उतरे आणि पॉलिशचे अवशेष शिवणीत जाऊन बसत. झीज ही केवळ दुर्लक्षाची संतती नाही, अतिकाळजीचीही आहे. जुन्या वस्तू जपू पाहणाऱ्याने हे सर्वप्रथम शिकले पाहिजे.

बेंगळूर हे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवरचे शहर. येथील हवेचे कौतुक सारेच करतात. १८०९ साली इंग्रजांनी येथे छावणी वसवली तिच्या यशात या हवेचा वाटा होताच. हलसूरजवळ मद्रास सॅपर्सचे केंद्र आणि त्यांचे संग्रहालय आजही आहे. परंतु माणसाला मानवणारी हवा कापडाला मानवतेच असे नाही. मे महिन्यातील वळवापासून नोव्हेंबरपर्यंत कपाटांच्या आत ओल मुरत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की सुती धाग्यावर बुरशी धरते, आणि बुरशी केवळ डाग पाडीत नाही, धागाच खाते. पितळेच्या ज्या गुणाने ताक कळकते, त्याच गुणाने बकलाखालचे कापड हिरवे पडून ठिसूळ होते. लोखंडाचा गंज तर सुताला जाळीतच जातो. याखेरीज कसर आहेच. मराठीत ‘कसर’ म्हणजे कपडे-पुस्तके कुरतडणारा किडा आणि ‘कसर’ म्हणजे उणीवही. एकीने पाडलेली दुसरी कोणालाही भरून काढता येत नाही.

या शत्रूंशी लढण्याचे उपाय साधे आहेत, आणि ते पोथ्या जपणाऱ्या आपल्या पूर्वजांना बरेचसे ठाऊक होते. प्लास्टिकच्या पिशवीत वस्तू कोंडली की ओल आतच राहते. म्हणून ती धुतलेल्या, रंग न दिलेल्या मलमलीत ठेवावी. ‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार आपण दुर्लक्षासाठी वापरतो, पण पोथीच्या दृष्टीने बासन हेच खरे संरक्षण होते. पिशवी खुंटीला टांगू नये, कारण मग तिचा सारा भार पट्ट्याच्या शिवणीवर येतो. ती आडवी ठेवावी आणि घडीवर चीर जाऊ नये म्हणून आत मऊ कापडाचे बोळे भरावेत. वर्तमानपत्राचा कागद भरू नये. त्यातील आम्ल आणि शाई दोन्ही बाधतात. बकल आणि कापड यांच्यामध्ये कापडाचा तुकडा सरकवावा. वेखंड किंवा कडुनिंबाची पाने ठेवायची असतील तर पुरचुंडीत, कापडाला न भिडवता. धूळ मऊ ब्रशाने विणीच्या दिशेने झाडावी, कारण धुळीचा कण धारदार असतो आणि प्रत्येक घडीगणिक तो धागा कापतो. वर्षातून एकदा, जानेवारीच्या कोरड्या दिवसांत, ती सावलीत उघडून ठेवावी. उन्हात नव्हे, कारण ऊन रंगाबरोबर धाग्याचे बळही नेते.

आणि धुऊ नये. सोडा आणि गरम पाणी यांनी कापडावरील जलरोधक प्रक्रिया निघून जाते, वीण आवळते, ब्लँको वाहून जातो आणि क्रमांकाची शाईही त्याच पाण्यातून जाते.

नेमका याच मुद्द्यावर आमच्या घरी वाद झाला. मामांचा नातू बेंगळुरातच एका संगणक कंपनीत आहे. जुन्या फौजी पिशव्या वापरण्याची त्याच्या पिढीला हौस. चिकपेटेच्या रविवारच्या बाजारात तो अशा वस्तू धुंडाळीत असतो. एके दिवशी तो म्हणाला, “काका, आजोबांची बॅग मला द्या. धुऊन घेतो, पट्टा नवा बसवतो आणि रोज वापरतो. कपाटात पडून राहण्यापेक्षा ते बरं नाही का?” त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता, आणि त्याच्या प्रश्नात प्रेम होते. “जी वापरायचीच नाही ती पिशवी ठेवायची तरी कशाला?” हे त्याचे दुसरे वाक्य तर सहज बाजूला सारण्यासारखे नव्हते. पिशवी वाहण्यासाठीच असते.

मी आयुष्यभर साहित्याचे अध्यापन केले, म्हणून मला उत्तर पाठचिकित्सेच्या अंगाने सुचले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी तिला जी शिस्त लावून दिली, तिच्यात एक गोष्ट मला नेहमी थोर वाटत आली आहे. जेथे पाठ निश्चित नाही तेथे संपादक आपल्या मनचा सुबक शब्द घालून मोकळे झाले नाहीत. त्यांनी त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा ओढली. संशय झाकला नाही, दाखवला. जुन्या वस्तूच्या जपणुकीचा नियमही हाच असावा असे मला वाटते. पुढची झीज थांबवावी. झालेली झीज पुसू नये. मामांचे अकरा टाके उसवून तेथे सफाईदार रफू केला तर पिशवी सुंदर दिसेल, पण तो प्रक्षेप होईल. आधार द्यायचाच असेल तर तो आतून, वेगळ्या रंगाच्या कापडाचा, केव्हाही उसवता येईल असा द्यावा. म्हणजे मूळ कोणते आणि आपले कोणते, हे पुढच्याला कळेल.

मी त्याला पट्ट्याची शिवण दाखवली. तिचे निम्मे धागे तुटलेले आहेत. संगणकाचा भार त्यांना एक आठवडाही पेलणार नाही. मग झाकण उलटून तिरप्या उजेडात धरले. त्याने क्रमांक एकेक अंक करून मोठ्याने वाचला आणि शेवटच्या दोन अंकांशी थांबला. आजोबांचे अक्षर त्याने प्रथमच पाहिले होते. बराच वेळ तो टाक्यांवरून बोट न लावता नजर फिरवीत राहिला.

रोजच्या वापरासाठी त्याने बाजारातून दुसरी पिशवी घेतली. मामांची पिशवी त्याच्या नावे राहील, असे आमचे ठरले आहे. दर जानेवारीत तो येतो, आम्ही दोघे बासन उघडतो, बोळे बदलतो, बकलांखालचे कापड तपासतो. गेल्या खेपेला त्याने आपल्या मुलीलाही आणले होते. ती सात वर्षांची. ब्रश कोणत्या दिशेने फिरवायचा, हे तिला त्यानेच समजावून सांगितले.