बावीस तासिकांचा हिशेब

दक्षिण कोरियात १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यासाठी तेथील सरकारी शाळा ‘एपिक’ या योजनेतून परदेशी शिक्षक बोलावितात. करार सुस्पष्ट असतो : आठवड्याला २२ तासिका, त्यांहून अधिक घेतल्यास निराळे मानधन.

कॅनडाहून बुसान शहरी आलेल्या एका तरुण शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला. प्राथमिक शाळेतील तासिका ४० मिनिटांची. म्हणजे एकूण ८८० मिनिटे, पुरते पंधरा तासही नव्हेत! परंतु शाळेत थांबावयाचे ते ४० तास. उरलेले पंचवीस तास शिक्षकखोलीत बसून काढताना तिला वाटे, आपला वेळ व्यर्थ चालला आहे. शेजारच्या मेजावर तिची कोरियन सहशिक्षिका परिपत्रके, नोंदवह्या आणि पालकांचे दूरध्वनी यांत बुडालेली असे. तिचे तास करारात मोजलेले नव्हते.

मार्चमध्ये सुरू झालेले वर्ष मे महिन्यापर्यंत आले. बावीस तासिका म्हणजे बावीस तुकड्या, पाचशेहून अधिक मुले; आणि प्रत्येक तुकडीची भेट आठवड्यातून एकदाच. चौथीच्या एका तुकडीत शेवटच्या बाकावरील मुलगा कधीच तोंड उघडत नसे. “त्याचे लक्षच नसते,” अशी तक्रार तिने सहशिक्षिकेपाशी केली. सहशिक्षिकेने शांतपणे विचारले, “कोणाचे? नाव सांगा ना त्याचे.”

तिच्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलालाच काय, पाचशेंपैकी बहुतेकांना ती ‘तू’ आणि ‘निळा सदरा’ एवढ्यावरच ओळखत होती.

त्या दुपारी तिने हजेरीपट मागून घेतले. कोरियन लिपीची चोवीस मूळ अक्षरे गिरविली आणि रोज एका तुकडीची नावे वहीत उतरविण्यास आरंभ केला. रिकामे पंचवीस तास आता अपुरे पडू लागले.

काही आठवड्यांनी तिने त्या मुलाला नावाने हाक मारली. उच्चार पार चुकला. वर्ग खळखळून हसला. मुलगा मात्र उठून उभा राहिला आणि त्याने आपले नाव सावकाश उच्चारून दाखविले. तिने म्हटले, पुन्हा चुकले. तेव्हा, ती प्रत्येक तासाला मुलांना जे सांगत असे, तेच तो गंभीर मुद्रेने तिला म्हणाला, “वन मोअर टाइम.”

त्याचे ते पहिले इंग्रजी वाक्य होते.

करारातील आकडा बदलला नाही. त्या आठवड्यातही तिच्या खात्यावर २२ तासिकाच मांडल्या गेल्या. ते वाक्य मात्र आले होते उरलेल्या पंचवीस तासांतून, ज्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नव्हती. त्यानंतर तिने घड्याळाविषयी तक्रार केली नाही. आणि सायंकाळी निघताना शेजारच्या मेजावरील कागदांची अर्धी चळत आपल्याकडे ओढून घेण्याची सवय तिला लागली.